साखळी, आणा, वार, गज, कोस: जुनी लांबीची मापं मीटरमध्ये कशी बदलायची? (आणि मी केलेली चूक तुम्ही का करू नये)

आजचा विषय वरवर पाहता अगदी सोपा आहे. एक माप टाकायचं, दुसरं निवडायचं, उत्तर तयार. फोनमध्ये युनिट कन्व्हर्टर असतोच. मलाही तसंच वाटायचं. पण याच कन्व्हर्टरमुळे मागच्या दिवाळीत आमच्या घराचं आणि शेजारच्या तात्यांचं भांडण व्हायची वेळ आली होती. म्हणून आधी तो किस्सा सांगतो, मग पूर्ण हिशोब समजावतो.

आमच्या शेताचं जुनं टिपण काकांनी काढून आणलं होतं. टिपण म्हणजे जुन्या मोजणीच्या वेळी शेताची मापं लिहून ठेवलेला कच्चा नकाशा. उत्तरेकडच्या बांधाच्या रेषेवर आकडा होता ५-८. काका म्हणाले, "अरे, दिवसभर मोबाईलच बघतोस ना? मग हे किती मीटर होतात तेवढं सांग."

मी ऐटीत कन्व्हर्टर उघडला. माप साखळीत आहे हे काकांना माहीत होतं, म्हणून मी 'चेन' निवडलं, ५.८ टाकलं. उत्तर आलं ११६.६८ मीटर. मग आम्ही टेप घेऊन शेतात गेलो. बांध भरला ५४.९० मीटर. म्हणजे निम्म्याहून जास्त बांध गायब! काका तिथूनच तात्यांच्या दारात गेले आणि जे बोलायला नको ते बोलून बसले. वीस वर्षं ज्यांच्या विहिरीचं पाणी आम्ही घेतलं, त्यांच्याशी.

दोन दिवसांनी गावातल्या एका निवृत्त मोजणीदारांना टिपण दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बाळा, साखळी किती फुटांची धरलीस?" मी म्हटलं, "साखळी म्हणजे साखळी." ते हसले. खरं उत्तर होतं ५५.३२ मीटर. तात्यांनी काहीही दाबलेलं नव्हतं. मी एकाच आकड्यात दोन चुका केल्या होत्या. दोन्ही चुका अ‍ॅप पकडू शकत नाही. माणसालाच पकडाव्या लागतात.

चला तर, एकेक करून बघू.

चूक पहिली: एकच नाव, दोन साखळ्या

जगभरातले कन्व्हर्टर 'चेन' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात गुंटर साखळी असते. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये ती वापरात आणली. लांबी ६६ फूट, कड्या १००. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो, आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर. ही साखळी तुम्ही रोज टीव्हीवर बघता बरं का! क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, म्हणजे बरोबर एक गुंटर साखळी. मीटरमध्ये २०.१२.

पण जुन्या मुंबई इलाख्यातल्या जमीन मोजणीत जी साखळी वापरली गेली ती ३३ फुटांची. बरोबर निम्मी. म्हणजे एका खेळपट्टीत टिपणातल्या दोन साखळ्या बसतात. ही ३३ फुटांची साखळी मीटरमध्ये १०.०५८४ होते.

३३ फूटच का? कारण त्यामुळे गुंठ्याचा हिशोब तोंडी होतो. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि तोच एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. त्यामुळे मोजणीदाराने लांबी साखळीत लिहिली, रुंदी साखळीत लिहिली आणि गुणाकार केला की थेट गुंठे मिळतात. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात ही फार मोठी सोय होती.

हाच गुणाकार आज आपल्याला एक झकास तपासणी देतो. समजा टिपणावर एक साधं चौकोनी शेत आहे, लांबी साडेपाच साखळी आणि रुंदी चार साखळी. गुणाकार २२. जुन्या कागदावर क्षेत्र २२ गुंठे लिहिलेलं असेल तर साखळी ३३ फुटांचीच आहे, शंका नको. तीच साखळी ६६ फुटांची असती तर क्षेत्र चौपट, म्हणजे ८८ गुंठे निघालं असतं. लांबीत दुपटीचा घोळ झाला की क्षेत्रफळात तो चौपट होतो, हे लक्षात ठेवा.

ही तपासणी मी आधी केली असती तर काका तात्यांच्या दारात गेलेच नसते.

चूक दुसरी: ५-८ म्हणजे ५.८ नव्हे

टिपणातली साखळी १६ आण्यांची असते. रुपयाचे जसे १६ आणे, तसे साखळीचे १६ आणे. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली आणि आणे व्यवहारातून गेले, पण बोलण्यात ते अजून आहेत. 'सोळा आणे खरं' म्हणजे शंभर टक्के खरं. 'आठ आणे' म्हणजे निम्मं.

तर ५-८ चा अर्थ पाच साखळ्या आणि आठ आणे. आठ आणे म्हणजे अर्धी साखळी. म्हणून ५-८ म्हणजे ५.५ साखळ्या. मी टाकले ५.८.

नुसत्या या एका चुकीचा परिणाम बघा:

- बरोबर: ५.५ × ३३ = १८१.५ फूट, म्हणजे ५५.३२ मीटर
- चूक: ५.८ × ३३ = १९१.४ फूट, म्हणजे ५८.३४ मीटर

तीन मीटरचा फरक! बांधावर तीन मीटर म्हणजे सरळ सरळ अतिक्रमणाचा आरोप.

सूत्र असं लक्षात ठेवा: (साखळ्या + आणे ÷ १६) × १०.०५८४ = मीटर. एकटा आणा काढायचा असेल तर तो २.०६२५ फूट, म्हणजे साधारण ६२.९ सेंटिमीटर.

हाच सापळा क्षेत्रफळातही असतो. जुन्या सातबाऱ्यावर २-२० दिसलं तर ते दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. २.२० एकर नव्हे. एकरात ४० गुंठे असतात, १०० नाहीत. आणि आजच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं येतं. तिथे १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखे आहेत, म्हणून गावात 'आर म्हणजेच गुंठा' असं सर्रास बोललं जातं. पण वरचे २२ गुंठे नव्या सातबाऱ्यावर ०.२२.२६ असे दिसतील. ते २६ चौरस मीटर कोणी वाढवून दिलेले नाहीत, ते रूपांतरातून आलेले आहेत.

आता मुख्य यादी: जुनी मापं आणि आजचे मीटर

इंचापासून मैलापर्यंतची मापं पक्की आहेत. १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही देशांनी यार्डाची लांबी बरोबर ०.९१४४ मीटर ठरवली. त्यामुळे खालचे आकडे अंदाजे नाहीत, व्याख्येने बरोबर आहेत:

- १ इंच = २.५४ सेंटिमीटर
- १ फूट = १२ इंच = ०.३०४८ मीटर
- १ वार (यार्ड) = ३ फूट = ०.९१४४ मीटर
- १ साखळी (टिपणातली) = ३३ फूट = १०.०५८४ मीटर
- १ साखळी (गुंटर) = ६६ फूट = २०.११६८ मीटर
- १ फर्लांग = २२० यार्ड = २०१.१६८ मीटर
- १ मैल = ८ फर्लांग = १.६०९३४४ किलोमीटर

यातल्या वाराचा उपयोग तर रोजचा आहे. नऊवारी म्हणजे नऊ वार, म्हणजे ८.२३ मीटर. सहावारी म्हणजे ५.४९ मीटर. शॉपिंग अ‍ॅपवर साडीची लांबी ५.५ मीटर का लिहितात, हे कोडं इथे सुटतं. ती आपली जुनी सहावारीच आहे. आणि ६.३ मीटर लिहिलं असेल तर त्यात साधारण ०.८ मीटर ब्लाउज पीस धरलेला असतो. आजीसाठी ऑनलाइन नऊवारी मागवताना ८ मीटरच्या आतला आकडा दिसला तर ऑर्डर करू नका, निऱ्या कमी पडतील आणि बोलणी तुम्हाला बसतील.

हार्डवेअरच्या दुकानातलं सूत हेसुद्धा असंच. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. तीन सूत सळई म्हटलं की दुकानदार १० मिलिमीटरची देतो, चार सूत म्हटलं की १२ ची. गणिताने चार सूत १२.७ मिलिमीटर होतात, पण बाजारात जवळचा मेट्रिक आकार त्याच नावाने चालतो. इथे कन्व्हर्टरपेक्षा सळईवरचा छापील आकडा खरा.

अंगावरची मापं: अंगुळ, वीत, हात, वाव

आता जरा मागे जाऊ. ही मापं माणसाच्या शरीरावरून आलेली आहेत आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती ठरलेली आहेत:

- १२ अंगुळं = १ वीत
- २ विती = १ हात (२४ अंगुळं)
- ४ हात = १ वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी

ब्रिटिश काळातल्या कोष्टकांनी हात १८ इंचांचा धरला. त्यावरून वीत ९ इंच (२२.८६ सेंटिमीटर), हात ४५.७२ सेंटिमीटर, आणि वाव ६ फूट (१.८३ मीटर). समुद्राची खोली वावेत सांगतात ती हीच.

गंमत म्हणून फोनमधलं मेजर अ‍ॅप बाजूला ठेवा आणि पट्टीवर स्वतःची वीत एकदा मोजून पाठ करा. माझी २१.५ सेंटिमीटर आहे. दुकानात टेबलाची रुंदी बघायला एवढं पुरतं. पण माझी वीत आणि तुमची वीत सारखी नाही, हे विसरू नका. जुन्या मापांची सगळी गडबड याच एका वाक्यात आहे.

गज: नाव एक, लांब्या तीन

आज कापडाच्या दुकानात गज म्हणजे ३६ इंच, वाराएवढाच. पण जुन्या कागदात गज दिसला तर थांबा. एकोणिसाव्या शतकातल्या कोष्टकांत हे तीन गज सापडतात:

- मुंबईचा गज: २७ इंच (२४ तसू) = ०.६९ मीटर
- मद्रासचा आणि उत्तरेतला इलाही गज: ३३ इंच = ०.८४ मीटर
- बंगालचा गज: ३६ इंच = ०.९१ मीटर

म्हणजे 'दहा गज' हे मुंबईत ६.८६ मीटर, मद्रासला ८.३८ आणि कलकत्त्याला ९.१४ मीटर. अकबराच्या काळात ठरलेला इलाही गज ४१ बोटांचा होता, त्याची इंचातली लांबी इंग्रजांनी नंतर ३३ अशी पक्की केली. त्यामुळे गज बदलताना दोन प्रश्न विचारायचेच: कुठला? आणि कधीचा?

कोस आणि योजन

'दर बारा कोसांवर भाषा बदलते' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मग बारा कोस म्हणजे किती किलोमीटर? उत्तर कोणत्या कोसावर अवलंबून आहे बघा:

- व्यवहारात कोस म्हणजे दोन मैल धरतात: ३.२२ किमी. बारा कोस ३८.६ किमी.
- भास्कराचार्यांच्या लीलावतीत ४ हातांचा एक दंड, २००० दंडांचा एक क्रोश आणि ४ क्रोशांचं एक योजन. १८ इंची हाताने क्रोश ३.६६ किमी. बारा कोस ४३.९ किमी.
- अकबराचा कोस ५००० इलाही गजांचा: ४.१९ किमी. बारा कोस ५०.३ किमी.

लीलावतीच्या हिशोबाने योजन १४.६ किलोमीटर होतं. पण योजनाची लांबी ग्रंथागणिक बदलते. म्हणून सोशल मीडियावर एखादी पोस्ट योजनाचं रूपांतर दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत देऊन 'आपल्या पूर्वजांनी अमुक अंतर अचूक काढलं होतं' असं सांगत असेल, तर आधी एकच बघा: त्यांनी योजन किती किलोमीटरचं धरलं, आणि ते कुठून आणलं? बऱ्याचदा हवं ते उत्तर येईल असंच योजन निवडलेलं असतं. पूर्वजांचं गणित भक्कम होतंच, त्याला असल्या टेकूची गरज नाही.

शिवकाळातली काठी: इथे दशांश चालत नाहीत

शिवाजी महाराजांच्या काळात जमीन मोजायला काठी ठरवलेली होती. लांबी पाच हात पाच मुठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. अण्णाजी दत्तोंनी केलेल्या जमीनधाऱ्याच्या व्यवस्थेत हे माप येतं.

आता हे बदलून बघू. हात १८ इंच आणि मूठ ३ इंच धरली तर काठी १०५ इंचांची, म्हणजे २.६७ मीटर. वीस काठ्या ५३.३ मीटर. बिघा सुमारे २८ गुंठे.

आता हात फक्त दोन इंचांनी वाढवू. २० इंची हात, आणि मूठ त्याच प्रमाणात. बिघा होतो सुमारे ३५ गुंठे! हातात दोन इंचांचा फरक, आणि बिघ्यात जवळजवळ सात गुंठ्यांचा.

म्हणून अशा मापांचं उत्तर एका आकड्यात देऊ नका. '२८ ते ३५ गुंठे, हात किती धरला त्यावर' असं लिहा. प्रोजेक्टमध्ये '२८४५.२ चौरस मीटर' लिहिलं तर ते हुशार दिसतं, पण चूक असतं. जेवढं अचूक माप आत गेलं, तेवढंच अचूक उत्तर बाहेर येतं.

फूटसुद्धा दोन आहेत?

हो, आहेत. जीआयएस किंवा नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकक निवडताना 'इंडियन फूट' असा पर्याय दिसतो. भारतातल्या जुन्या सर्वेक्षणासाठी फुटाचं मीटरशी नातं वेगळं धरलं गेलं होतं. १९६२ च्या व्याख्येत ते ०.३०४७९९६ मीटर आहे, आणि आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८. फरक किलोमीटरमागे साधारण सव्वा मिलिमीटर. शेताच्या बांधाला याने काही होत नाही. पण नकाशावरचे निर्देशांक हजारो किलोमीटर दूरच्या बिंदूपासून मोजलेले असतील तर हाच फरक काही मीटरवर जातो. अमेरिकेतही असाच एक वेगळा 'सर्व्हे फूट' होता, तो २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे बंद केला गेला.

एकाच नावाची दोन मापं ही डोकेदुखी नवीन नाही. कोलंबसने पृथ्वीचा घेर काढताना अल-फरगानी या मुस्लिम खगोलशास्त्रज्ञाचा आकडा घेतला, एका अंशाला ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल. अल-फरगानीचे मैल अरबी होते, कोलंबसने ते आखूड रोमन मैल समजले. त्यामुळे त्याच्या हिशोबात पृथ्वी लहान झाली आणि आशिया जवळ आला. १४९२ मध्ये तो निघाला आणि मध्ये अमेरिका लागली म्हणून वाचला. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं. मी ज्या चुकीने शेजाऱ्याला दुखावलं, ती चूक करणारा मी पहिला नाही.

फोनवर हिशोब करायची योग्य पद्धत

१. एककाच्या नावावर विश्वास ठेवू नका, लांबी बघा. कन्व्हर्टरमध्ये आधी १ टाका. १ चेन बरोबर २०.११६८ मीटर आलं तर ती ६६ फुटी आहे. टिपणासाठी उत्तर निम्मं करा, किंवा थेट फुटांत हिशोब करा.

२. आधी फुटांत आणा, मग मीटरमध्ये न्या. साखळी-आणे, वार, गज, काहीही असो, मधलं स्टेशन फूट किंवा इंच ठेवा. तिथे चूक डोळ्यांना दिसते.

३. मधेच राउंड करू नका. १८१.५ फुटांना ०.३०४८ ऐवजी ०.३ ने गुणलं तर ५४.४५ मीटर येतात. ८७ सेंटिमीटर हवेत गेले. राउंड करायचं ते शेवटी, एकदाच.

४. क्षेत्रफळाला लांबीचा गुणक लावू नका. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, पण १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. फ्लॅटच्या जाहिराती वाचतानाही हे उपयोगी पडतं.

५. स्प्रेडशीट बनवा. पहिल्या रकान्यात साखळ्या, दुसऱ्यात आणे, तिसऱ्यात वरचं सूत्र. दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत असले की ५-८ चं ५.८ होतच नाही. शिवाय सॉफ्टवेअर कधी कधी ५-८ ला तारीख समजून ५ ऑगस्ट करून टाकतं, तेही टळतं.

६. स्कॅनवरचा आकडा डोळ्यांनी तपासा. हस्तलिखितातला १ आणि ९ कॅमेऱ्याला सारखे वाटू शकतात. जुना कागद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्या माणसाकडूनच वाचून घ्या.

७. एआय असिस्टंटला विचारत असाल तर प्रश्न पूर्ण विचारा. '५-८ साखळी किती मीटर' असं नको. '३३ फुटी साखळी, १६ आण्यांची, पाच साखळ्या आठ आणे' असं सांगा, आणि त्याने मधली पायरी दाखवली का ते बघा.

जीपीएसने बांध मोजता येतो का?

हा प्रश्न हमखास येतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतं. एक गुंठा जेमतेम १० मीटर बाय १० मीटर. झाडाखाली किंवा भिंतीजवळ चूक आणखी वाढते. म्हणजे शेताचा अंदाज घ्यायला, पेरणीचा हिशोब करायला ही अ‍ॅप ठीक आहेत. हद्दीचा वाद सोडवायला अजिबात नाहीत. त्यासाठी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज करून अधिकृत मोजणीच करून घ्यावी लागते. तुम्ही घरी केलेला हिशोब तो फक्त समजून घेण्यासाठी, कोणाला ऐकवण्यासाठी नाही.

झटपट प्रश्नोत्तरं

*गुंठा हे लांबीचं माप आहे का?* नाही, क्षेत्रफळाचं. ३३ × ३३ फूट.

*प्रत्येक जुन्या कागदावरची साखळी ३३ फुटांचीच असते का?* नाही. इंजिनिअरिंगच्या कामात १०० फुटी साखळी असते, आणि २० किंवा ३० मीटरच्या मेट्रिक साखळ्याही असतात. कागदावरच्या क्षेत्राशी ताडून बघा.

*भारतात मीटर कधी आला?* कायदा १९५६ चा. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी झाली. म्हणून त्याआधीच्या कागदांवर फूट, वार, साखळी आणि मैल हेच दिसतील.

शेवटी काय झालं?

बरोबर उत्तर ५५.३२ मीटर, आणि आमच्या टेपने भरले ५४.९०. ४२ सेंटिमीटरचा फरक. बांध सरळ नाही, टेप दोनदा लावली, मधे बोरीचं झाड आहे. मोजणीदार म्हणाले, एवढं इकडेतिकडे होणारच.

काका आणि मी दोघंही तात्यांकडे गेलो. मी टिपण उलगडून त्यांना साखळी, आणे सगळं समजावून सांगितलं आणि माझीच चूक झाली हे कबूल केलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे, आधी मला विचारायचंस. माझ्या वडिलांनी ती साखळी धरलेली आहे." चहा झाला. पाणी चालू राहिलं. पण काका आणि तात्या पूर्वीसारखे पारावर एकत्र बसायला लागले ते थेट संक्रांतीनंतर.

म्हणून मित्रांनो, घरी जुने कागद असतील तर जरूर काढा, हिशोब करून बघा, मजा येते. फक्त उत्तर आल्यावर शेजाऱ्याकडे जाण्याआधी एकदा विचारा: ही साखळी नक्की किती फुटांची?